सनदेनंतर अर्ज कुठे करायचा?

विधी पदवीधराने पहिला अर्ज कोणाकडे करावा, हे त्याला कोणते काम शिकायचे आहे यावर ठरते. कार्यालयाचे नाव किती मोठे, हा प्रश्न त्यानंतरचा. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यातून लातूर किंवा नांदेडच्या विधी महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्यापुढे साधारण तीन वाटा असतात: जिल्ह्यातल्या ज्येष्ठ वकिलाचे कार्यालय, औरंगाबाद खंडपीठातले चेंबर आणि मुंबईतली लॉ फर्म.

जिल्हा न्यायालयात वाटणीचे दावे, मनाई हुकूम, न वटलेले धनादेश, मोटार अपघाताची भरपाई आणि जामीन हे रोजचे काम असते. इथला ज्युनियर नक्कल काढणे, रोजनामा पाहणे, सातबारा आणि फेरफार लावून वाचणे शिकतो. तारीख मागण्यापासून सुरुवात होते. चांगल्या सीनियरकडे उलटतपासणीही लवकर हाती येते. मोबदला मात्र अनेकदा सीनियरच्या मर्जीवर असतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये मासिक विद्यावेतन सुचवले, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही.

औरंगाबाद खंडपीठाचे काम 27 ऑगस्ट 1981 रोजी सुरू झाले. त्याआधी मराठवाड्यातल्या पक्षकाराला उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागे. आज लातूर-नांदेडची भूसंपादनाची अपिले, नोकरीविषयक याचिका, जात वैधता आणि ग्रामपंचायत सदस्यांची अपात्रता अशी प्रकरणे इथे चालतात. साक्षीपुरावा क्वचितच असतो; याचिकेचा मसुदा, जुने निवाडे शोधणे आणि मोजक्या मिनिटांत मुद्दा मांडणे हे खरे शिक्षण. एखाद्या चेंबरात सगळी भूसंपादनाचीच अपिले, तर दुसऱ्यात फक्त सेवाविषयक याचिका असू शकतात, म्हणून अर्जाआधी हे पाहणे गरजेचे.

मुंबईतल्या फर्मची परंपरा जुनी आहे. क्रॉफर्ड बेली 1830 पासूनची, लिटल अँड कंपनी 1856 पासूनची. 1917 मध्ये सुरू झालेल्या अमरचंद मंगलदासची 2015 मध्ये विभागणी होऊन सिरिल आणि शार्दुल अशा दोन फर्म झाल्या. मोठ्या फर्ममध्ये कंपन्यांचे विलीनीकरण, बँकांची कर्जे, भांडवल बाजार, लवाद असे वेगवेगळे संघ असतात. नव्या माणसाचा दिवस करार तपासण्यात आणि कागदपत्रांच्या छाननीत जातो. पगार ठरलेला असतो, पण कोर्टात उभे राहण्याची संधी कमी. या फर्म नव्या भरतीसाठी प्रामुख्याने राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे वळतात. जिल्ह्याच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यासाठी इंटर्नशिप किंवा दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतरचा अर्ज हे दार अधिक व्यवहार्य ठरते. मध्यम आणि लहान फर्मही यादीत असाव्यात. तिथे एकाच माणसाला नाना प्रकारचे काम मिळते.

बार कौन्सिलचे नियम वकिलांना जाहिरात करू देत नाहीत, त्यामुळे कार्यालयाच्या स्वतःच्या माहितीवर विसंबून चालत नाही. खात्रीचा पुरावा न्यायालयाच्या उघड नोंदींत असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोध घेता येतो: किती प्रकरणे आहेत, कोणत्या प्रकारची आहेत, कोणत्या टप्प्यावर आहेत, हे दिसते. उच्च न्यायालयाचे आदेशही वाचावेत. मुंबईच्या मूळ शाखेतील आदेशात युक्तिवाद करणाऱ्या कौन्सिलच्या नावानंतर ‘इन्स्ट्रक्टेड बाय’ असे लिहून फर्मचे नाव येते. त्यावरून फर्म कोणत्या वादांत असते ते समजते. खंडपीठाच्या आदेशात एका वकिलापुढे ‘होल्डिंग फॉर’ लिहून दुसऱ्याचे नाव असेल, तर दुसऱ्याच्या जागी पहिला उभा राहिला, असा अर्थ. अशी ज्युनियरची नावे वारंवार दिसणाऱ्या चेंबरात उभे राहायला मिळते, हे उघड आहे.

न्यायाधीश व्हायचे असेल तर निवड आणखी जपून करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. या वकिलीचा दाखला प्रमुख न्यायिक अधिकारी देतो, किंवा किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाने दिलेल्या दाखल्यावर तो शिक्कामोर्तब करतो. म्हणून वकालतनाम्यावर स्वतःचे नाव येईल असे कार्यालय अशा उमेदवाराच्या सोयीचे. केवळ करार तपासण्याच्या नोकरीत ही तीन वर्षे सिद्ध करणे अवघड जाईल.

निवडीची सुरुवात शिकतानाच करता येते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवड्यांची इंटर्नशिप बंधनकारक आहे. ती एकाच ओळखीच्या वकिलाकडे उरकण्यापेक्षा काही आठवडे जिल्ह्यात, काही खंडपीठात आणि काही फर्ममध्ये केली, तर तिन्ही वाटा चालून पाहता येतात.

अर्ज सर्वांना एकाच साच्यात पाठवू नये. फर्मला ज्या संघात काम हवे त्याचा उल्लेख आणि लिखाणाचा एखादा नमुना द्यावा. जिल्ह्यात प्राध्यापकांच्या किंवा बार रूममधल्या ओळखीने प्रत्यक्ष भेट अधिक उपयोगी पडते. पहिल्या भेटीतच चार गोष्टी विचारून घ्याव्यात: विद्यावेतन किती, वकालतनाम्यावर नाव येणार का, स्वतःची प्रकरणे घेता येतील का आणि परीक्षेसाठी रजा मिळेल का.