मृगाला सुरू होणारं अरबी साल

गारगोटीत मौनी विद्यापीठ माहीत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. ते उभं करणारे जे. पी. नाईकही सगळ्यांना ठाऊक. पण शिक्षणशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्यांना हे नाव भेटलं ते जोडीनं : नुरुल्ला आणि नाईक. ब्रिटिश अमदानीतल्या भारतीय शिक्षणाचा इतिहास या दोघांनी मिळून लिहिला, १९४३ साली. सय्यद नुरुल्ला आधी, नाईक नंतर. परीक्षेच्या आदल्या रात्री ते जाडजूड पुस्तक उशाशी घेऊन बसलेल्यांनी दोघांनाही सारख्याच शिव्या घातल्या असतील.

अशी जोडी आपल्याकडं नवी नाही. तरी इस्लामी विद्या, दानधर्म असा विषय निघाला की आपण थेट बगदाद गाठतो. एवढं लांब कशाला? इथंच हाताशी केवढा माल पडलाय, बघा.

फुकट नाव, फुकट जेवण
पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला काही ताम्रपट सापडले. त्यातला एक इ. स. ९२६चा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला. संजाण प्रांताचा कारभारी कोण? तर ‘मधुमती’. हे बाईचं नाव नव्हे, हा अरब मुहम्मद! संस्कृत लिहिणाऱ्यानं त्याचं असं बारसं केलं. या गृहस्थानं दोन नद्यांवर फुकट तर सुरू केली आणि एक अन्नछत्र घातलं. तिथं काय वाढायचे तेही ताम्रपटात आहे : साळीचा भात, कालवण आणि तूप. शिवाय देवीच्या मठाला जमीन द्यायलाही त्यानं हात आखडला नाही. वर्षभर साठलेल्या शिलकीचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून द्यावा, हा झाला धर्माचा हिशेब. हा माणूस त्याच्या पुढं गेला.

चौलचा पाहुणा
या ताम्रपटाच्या दहाएक वर्षं आधी मसूदी नावाचा बगदादचा इतिहासकार चौलला येऊन गेला. तिथं सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजानं नेमलाय, असं त्यानं लिहून ठेवलं. राजा होता झंझ, शिलाहार कुळातला. आपला भुदरगड ज्यानं बांधला असं मानतात तो दुसरा भोजही शिलाहारच, फक्त कोल्हापूरच्या शाखेतला. आणखी शंभरेक वर्षांनी अल् बिरुनीनं भारतावर ग्रंथ लिहिला, त्यात मराठ्यांचा देश आहे, कोकण आहे आणि कोकणची राजधानी म्हणून चक्क ठाणे आहे.

आकडे आपले, वाहतूक त्यांची
ब्रह्मगुप्ताचं गणित आठव्या शतकात बगदादला पोचलं, नवव्यात अल् ख्वारिज्मीनं भारतीय अंकांवर पुस्तक लिहिलं आणि लॅटिनमधून ते युरोपभर झालं. मोबाइलवर पुढचं रील कोणतं दाखवायचं हे ठरवणारा ‘अल्गोरिदम’ याच्याच नावाचा.

शाळा, बोर्डिंग
शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली. तिचं मुस्लिम बोर्डिंग दसरा चौकात आजही आहे. कुराण मराठीत आणायचं कामही महाराजांनी हाती घेतलं होतं. उलट दिशेचा व्यवहार त्याहून जुना. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठी ओव्यांत ‘योगसंग्राम’ रचला, आणि अलीकडचं सांगायचं तर मराठी संतवाङ्मयाचे नाणावलेले अभ्यासक यू. म. पठाण १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

पीर कधी बसणार?
कोल्हापूर जिल्ह्यातल्या कित्येक गावांत मोहरमला पंजे बसतात, आणि मानकरी बऱ्याच ठिकाणी हिंदू घरातले असतात. या सणाचा खाऊही ठरलेला : गव्हाचं पीठ गुळाच्या पाण्यात मळायचं, नक्षीच्या फळीवर थापून छाप उठवायचा आणि तळायचं, की चोंगे तयार. (मलिदा आवडतो की चोंगे, यावरून घरात दोन तट पडतात. आमचा तट चोंग्यांचा.) दरवर्षी मोहरम ११ दिवस अलीकडं का सरकतो? हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं. आपले महिनेही चांद्रच, पण आपण अधिक महिना घालून सूर्याशी मेळ बसवतो, हिजरीत तो नाही. म्हणून २०१८ ते २०२० अशी तीन वर्षं गणपती आणि पीर एकाच मुहूर्ताला आले. असा योग पुन्हा यायला तीसेक वर्षं लागतात.

आणि शेवटी खरी गंमत
सरकणारं वर्ष पेरणीला आणि सारावसुलीला काय कामाचं? म्हणून दख्खनेत एक तोड निघाली : सुहूर सन. आकडे अरबी, पण साल सुरू होणार सूर्य मृगात गेला की! शेतकरी कुरी जुंपणार आणि कचेरीत नवं साल लागणार. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या दफ्तरांत हाच सन चालला. मोडी पत्रात ‘सबा सबैन मया व अलफ’ असं दिसलं की घाबरायचं नाही. सात, सत्तर, शंभर आणि हजार, बेरीज ११७७. मृगापासून डिसेंबरपर्यंतचं पत्र असेल तर त्यात ५९९ मिळवा, जानेवारीनंतरचं असेल तर ६००. आलं १७७६-७७. तारखेआधी ‘छ’ असेल तर तो चंद्राचा : ‘छ ११ मोहरम’ म्हणजे मोहरमचा अकरावा चंद्र. पत्र लिहिणारा चिटणीस बहुधा ब्राह्मण किंवा प्रभू, पण महिना मोहरम!

तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत जुने मोडी कागद असतील तर रद्दीत घालू नका. आधी तो सन शोधा. इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. एवढं पाठ केलं की सुरुवात झाली. पुढचं वाचून द्यायला मोडीचा जाणकार गाठा.