कप्पतगुड्डाचे सोने

बेळगावच्या शहापुरातील सराफ गल्ली सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु शहापूर हे गाव एके काळी इंग्रजी मुलखात नव्हते, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या लक्षात नसते. बेळगावच्या अगदी कुशीत असूनही ते पटवर्धनांच्या सांगली संस्थानात मोडत असे. त्याच संस्थानाचा आणखी एक तुकडा दूर पूर्वेस, गदगच्या दक्षिणेला शिरहट्टी येथे होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील कप्पतगुड्डाच्या रांगेत सोन्याची खाण निघाली, तेव्हा तिला 'सांगली माइन' हेच नाव पडले. कृष्णाकाठच्या गावाचे नाव तुंगभद्रेकडच्या डोंगराला चिकटले ते असे!

या डोंगरात सोने आहे हे कंपन्यांच्या आधीपासून ठाऊक होते. पावसाळा सरला की जलगार नावाचे लोक डोणी, सोरटूर या बाजूंच्या ओढ्यांतील वाळू लाकडी पाटीत घालून पाण्यात हलवीत आणि तळाशी राहिलेले सुवर्णकण वेचीत. सराफकट्ट्यावरील झारेकरी सोनाराच्या दुकानातील केर धुतो, तशातलाच हा उद्योग. प्राप्ती बेताची, पण ओढ्याचे काही बिघडत नसे. पुढे कोलारच्या यशाने लंडनच्या भांडवलदारांचा हुरूप वाढला आणि धारवाडकडे कंपन्या उभ्या राहिल्या. गारगोटीच्या शिरा फोडून, दगडाचे पीठ करून सोने काढण्याचा खटाटोप काही वर्षे चालला. परंतु खर्च भागेना. ते सारे थोड्याच वर्षांत आटोपले.

आता प्रश्न असा, की असे सोने कोणाचे? निपाणीकडील शेतकऱ्यास वाटते, उताऱ्यावर आपले नाव आहे, म्हणजे जमीन पाताळापर्यंत आपली. कायदा तसे मानीत नाही. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने सरकारी धाऱ्याच्या जमिनींतील खनिजांवरचा हक्क सरकारने आपल्याकडे राखून ठेवला. सीमाभाग 1956 साली म्हैसूर राज्यात गेल्यावर 1964 चा नवा महसूल कायदा आला. त्याच्या 70 व्या कलमाचा रोखही तोच आहे. केरळातील मलबारच्या जमीनमालकांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली निराळा निकाल दिला खरा. त्यात न्यायालयाने म्हटले, की तेथील जन्मी हक्काच्या जमिनीखालचे खनिज मालकाचेच आहे. परंतु जेथे कायद्यानेच तो हक्क सरकारकडे ठेवला आहे, तेथे त्या निकालाचा आधार घेणे कठीण. शिवाय 1957 च्या केंद्रीय खनिज कायद्यानुसार सोन्याच्या खाणीचा पट्टा राज्य सरकार देते, पण 2015 पर्यंत त्यास केंद्राचा हात लागावा लागत असे. आणि 2015 पासून पट्टे लिलावाने द्यावे लागतात. स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जाते. खाणीने बाधित झालेल्या गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानची सोय त्याच वर्षी झाली. नव्या पट्टेदाराने स्वामित्वधनाच्या दहा टक्क्यांइतकी रक्कम त्यात भरावयाची असते.

या व्यवस्थेत सरकार आहे आणि कंपनी आहे. डोंगराखाली राहणाऱ्या माणसाला मात्र हक्काचे म्हणून फारसे स्थान नाही. कप्पतगुड्डाचा तंटा पेटला तो येथेच.

मुंडरगी, शिरहट्टी व गदग हे तालुके कोरडवाहू. त्यांना या डोंगराचे पाणी, चारा आणि औषधी वनस्पती यांचा आधार. येथे पुन्हा सोने काढण्याचा प्रस्ताव खासगी कंपनीकडून आला, तेव्हा लोकांनी सोन्याचा हिस्सा मागितला नाही. त्यांनी डोंगरच राखावा असे म्हटले. रोजगाराचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. परंतु दगडाच्या पिठातून सोने काढताना सायनाइड लागते, आणि एक टन दगडामागे काही ग्रॅमच सोने हाती येते. उरलेला सारा चुरा गावाच्या वाट्याला. कोलारची खाण 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाली, तिच्या चुऱ्याच्या टेकड्या मात्र तेथेच राहिल्या.

डिसेंबर 2015 मध्ये कर्नाटक सरकारने कप्पतगुड्डा संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले, आणि नोव्हेंबर 2016 मध्ये ती घोषणा मागे घेतली. असे क्षेत्र जाहीर करण्यापूर्वी स्थानिकांशी विचारविनिमय करावा, असे वन्यजीव संरक्षण कायदाच सांगतो; येथे तर क्षेत्र रद्द झाल्यावर स्थानिक स्वतःच बोलू लागले. गदगच्या तोंटदार्य मठाचे सिद्धलिंग स्वामी पुढे झाले. मुंडरगीकडील हळ्ळीगुडी येथे पोस्कोचा पोलाद कारखाना होऊ नये म्हणून ज्यांनी याआधी शेतकऱ्यांची बाजू घेतली होती, तेच हे स्वामी. फेब्रुवारी 2017 मध्ये गदगला धरणे झाले. एप्रिलमध्ये सरकारने क्षेत्र पुन्हा घोषित केले. 2018 साली स्वामींचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी सुमारे 244 चौरस किलोमीटर प्रदेश अभयारण्य ठरला.

येथे एक नवल ध्यानात घेण्याजोगे आहे. खनिजाच्या कायद्याने रहिवाशाला जे दिले नाही, ते वन्यजीवांच्या कायद्याने आडवाटेने दिले. लांडगा आणि तरस यांच्या नावाने माणसाने आपले पाणी राखले! 26 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यात व त्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामास मनाई असल्याचे सांगितले, तेव्हा ही भिंत अधिक भक्कम झाली. सीमेच्या तंट्याची सवय झालेल्या बेळगावकरांना हद्दीच्या रेषेचे मोल निराळे सांगावयास नको. महाराष्ट्राचा सीमादावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि कप्पतगुड्डाभोवतीही आता प्रश्न उभा राहतो तो अमुक दगड त्या एका किलोमीटरच्या आत की बाहेर, हाच.