नळीसाठी शोधलेलं पोलाद

रायफलची नळी बदलायची वेळ आली की नेमबाजांत हमखास वाद रंगतो: स्टेनलेस की क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद? दोन्ही पक्षांकडे किस्से भरपूर. या वादाची गोडी मला लावली ती मात्र स्टेनलेस पोलाद शोधणाऱ्या, इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने. १८७१ साली जन्मलेला, भट्टीवर पोलाद वितळवणाऱ्याचा हा मुलगा. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो थॉमस फर्थच्या कारखान्यात लागला. तिथल्या प्रयोगशाळेत बाटल्या विसळता विसळता रसायनशास्त्र शिकला. १९०८ मध्ये फर्थ आणि जॉन ब्राउन या कंपन्यांनी मिळून संशोधनशाळा काढली, तेव्हा तिचा प्रमुख हाच.

१९१२ साली त्याच्यापुढे आलेला प्रश्न गंजाचा नव्हताच. रायफलच्या नळ्या आतून झिजत होत्या. ब्रिटिश लष्कराच्या काडतुसांतल्या पहिल्या कॉर्डाईट दारूमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं. त्याच्या ज्वाळेने नळीची आतली बाजू अक्षरशः खाल्ली जाई. म्हणून १९०१ साली हे प्रमाण ३० टक्क्यांवर आणलं, पण दुखणं पुरतं गेलं नाही. ब्रिअर्ली एन्फिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्यात जाऊन आला आणि उष्णतेला दाद न देणारं पोलाद शोधू लागला. क्रोमियम वाढवत नेलं. १३ ऑगस्ट १९१३ रोजी विजेच्या भट्टीतून जो ओतीव गट्टू निघाला, त्यात क्रोमियम १२.८ टक्के आणि कार्बन ०.२४ टक्के होता.

नाकारलेल्या नळ्यांच्या भंगारात एक तुकडा चमकताना दिसला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. माझ्या मते ती रचलेली आहे. ब्रिअर्लीचा स्वतःचा वृत्तांत जास्त साधा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाची रचना पाहायची तर घासून गुळगुळीत केलेला तुकडा नायट्रिक अ‍ॅसिड घातलेल्या अल्कोहोलमध्ये बुडवतात. मग कण उठून दिसतात. या तुकड्यावर काहीच उठेना. व्हिनेगर लावलं, लिंबाचा रस लावला, तरी डाग नाही. शेफिल्ड हे सुऱ्या-काट्यांचं गाव. बंदूक बाजूला राहिली आणि त्याच्या डोक्यात सुरी शिरली.

मालकांना त्याची उत्सुकता नव्हती. पोलाद नमुन्यादाखल सुरीवाल्यांकडे गेलं, तर ते म्हणाले, हे धार धरत नाही. ते खोटं बोलत नव्हते. नेहमीच्या तापमानाला घडवल्या-कडकवल्या तर या पोलादाच्या सुऱ्या बिघडतच. न कापणाऱ्या सुऱ्या शोधणारा माणूस, अशी ब्रिअर्लीची टिंगल झाली. शेवटी मोस्ले कंपनीच्या अर्नेस्ट स्टुअर्टने चिकाटी धरली, ब्रिअर्ली स्वतः त्याच्या शेजारी उभा राहिला, आणि सुऱ्या जमल्या. मग हक्क कुणाचा यावरून भांडण पेटलं. पेटंट घ्यायला आधी फर्थ तयार नव्हती, आणि पुढे मालकी सांगायला मात्र सरसावली. ब्रिअर्लीने नोकरी सोडून ब्राउन बेलीज कंपनी गाठली. अमेरिकेत त्याने पेटंट मिळवलं, तिथे याच शोधावर हक्क सांगणाऱ्या एलवूड हेन्सशी दावा उभा राहिला. १९१७ साली फर्थ-ब्रिअर्ली सिंडिकेट निघालं, पण मनातली अढी कायम राहिली. कागदपत्रं पाहिली की माझा कल उघडच नोकराकडे झुकतो.

आता नळीकडे वळू. आज मॅच रायफलींसाठी सर्रास वापरलं जाणारं ४१६ जातीचं स्टेनलेस ब्रिअर्लीच्या पोलादाचं जवळचं नातलग: क्रोमियम १२ ते १४ टक्के, आणि कातायला सोपं जावं म्हणून मुद्दाम घातलेलं गंधक. चुंबक याला चिकटतो, स्वयंपाकघरातल्या सुरीला चिकटतो तसाच. १८-८ जातीच्या स्टेनलेस डब्याला तो जवळजवळ धरत नाही, कारण त्यात निकेल आहे. गंधकामुळे ४१६ ला गंजही चढतो. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत नळी न पुसता ठेवून पाहावी! कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळ होतं, ते वेगळंच. ४१४० किंवा ४१५० या क्रोमोलीत क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास, मॉलिब्डेनम त्याहून कमी. गंजाला ते लवकर बळी पडतं, पण थंडीत चिवट राहतं आणि स्वस्तही पडतं.

स्पर्धेतले नेमबाज स्टेनलेस घेतात ते गंजाच्या भीतीने नव्हे. आतला पृष्ठभाग गुळगुळीत उतरतो, आणि काडतुसापुढचा भाग, ज्याला सगळे थ्रोट म्हणतात, तो सावकाश झिजतो, असा त्यांचा अनुभव. म्हणजे ब्रिअर्लीची मूळ अटकळ अगदीच वाया गेली नाही. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं त्या .२२ च्या खेळात मात्र दारू इतकी थोडी की तिथे हा प्रश्न फारसा उद्भवतच नाही.

लष्कराने वेगळी वाट धरली. व्हिएतनामच्या दमट हवेत एम-१६ ची काडतूस-खोली गंजून काडतुसं अडकू लागली, तेव्हा १९६७ च्या सुमारास तिथे क्रोमियमचा मुलामा आला आणि पुढे तो पूर्ण नळीत पसरला. क्रोमोलीवर बसवलेल्या या पातळ थराने गंजही आवरला आणि ज्या झिजेसाठी ब्रिअर्ली एन्फिल्डला गेला होता, तीही बरीच कमी केली.