प्रत्यारोपित मूत्रपिंडातील दाह: प्रतिमा काय दाखवते, काय नाही

मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे रुग्णाची चिंता संपली असे नसते. पेडणे वा डिचोलीहून तपासणीसाठी बांबोळीला गोमेकॉत जाणाऱ्या अशा रुग्णाच्या मनात दरवेळी एकच प्रश्न असतो: आईने, पत्नीने किंवा एखाद्या मृत दात्याच्या कुटुंबाने दिलेला हा अवयव सुखरूप आहे ना?

या चिंतेला कारण आहे. नवे मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूस बसवतात. त्याचे मज्जातंतू तुटलेले असल्याने दाह झाला तरी वेदना फारशी जाणवत नाही. रक्तातील क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरीच हानी झालेली असू शकते. बायोप्सीने खात्रीचे निदान होते. परंतु तीत रक्तस्रावाचा धोका असतो, त्यामुळे ती वारंवार करता येत नाही.

येथे प्रतिमातपासणी साहाय्य करते. हे मूत्रपिंड त्वचेच्या जवळ असल्याने सोनोग्राफीत स्पष्ट दिसते. मूत्रमार्ग तुंबला आहे का, भोवती द्रव साचला आहे का, हे तत्काळ कळते. डॉप्लर तपासणीत रक्तप्रवाहाला होणारा अवरोध मोजतात. सुजलेल्या मूत्रपिंडात हा अवरोध वाढतो. त्याचा निर्देशांक ०.८ च्या वर गेल्यास डॉक्टर सावध होतात. मात्र तुंबलेला मूत्रमार्ग किंवा कठीण झालेल्या धमन्या यांमुळेही तो वाढू शकतो.

कर्करोगासाठी वापरला जाणारा पेट स्कॅन हा पुढचा प्रयोग. दाह निर्माण करणाऱ्या पेशी अधिक शर्करा शोषतात, हे त्यामागचे तत्त्व. बेल्जियममधील लिएज येथील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीर नाकारत असलेल्या मूत्रपिंडात ही किरणोत्सारी शर्करा अधिक आढळली. अडचण अशी की ती लघवीवाटेच बाहेर पडते, त्यामुळे प्रतिमेचा अर्थ लावणे अवघड जाते.

खरी मर्यादा मात्र निराळी आहे. प्रतिमा दाह दाखवते, त्याचे कारण सांगत नाही. शरीर अवयव नाकारत असेल, तर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे वाढवावी लागतात. बीके विषाणूचा संसर्ग असेल, तर तीच औषधे कमी करावी लागतात. अंदाज चुकला तर उपचारच घातक ठरतो. म्हणून प्रतिमेने बायोप्सीची गरज आहे का, हे ठरवण्यास मदत होते. बायोप्सीची जागा ती घेऊ शकत नाही.

रुग्णाने सोनोग्राफीचे जुने अहवाल जपून ठेवावेत, कारण आधीच्या मोजमापांशी तुलना केल्यावरच बदल लक्षात येतो. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करण्यापूर्वी प्रत्यारोपण झाल्याचे आवर्जून सांगावे. ताप आल्यास, लघवी कमी झाल्यास वा पायांवर सूज दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये आणि औषधांत स्वतः कोणताही बदल करू नये.