ओट्याला माल किती लागेल?

स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी २ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर जाड काँक्रीटची लादी घरीच ओतायची आहे. घनफळ काढा: ६० लिटर. मग सिमेंट, वाळू व खडी मिळून ६० लिटर माल पुरेल का? नाही! काठोकाठ खडी भरलेल्या बादलीत पाणी ओतून पाहा, कितीतरी मावेल. खडीच्या अशाच पोकळ्यांत वाळू शिरते आणि वाळूच्या पोकळ्यांत सिमेंट. म्हणून कोरडा माल सुमारे दीडपट, म्हणजे ९२ लिटर धरावा. १ : १½ : ३ या प्रमाणात सिमेंट १७ लिटर (५० किलोची जवळजवळ अर्धी गोणी), वाळू २५ लिटर, खडी ५० लिटर. वर थोडा माल हाताशी ठेवाच. तो मध्येच संपला आणि आधीचा भाग घट्ट झाला, तर सांधा कच्चा राहतो व नेमका तेथेच तडा जातो.