जकार्ता १९६२: पाहुण्यांवरच चिडलेलं मैदान

आशियाई खेळ म्हटलं की मला आधी जकार्ता १९६२ आठवतं. इंडोनेशियाने त्या वर्षी इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसाच दिला नाही. याला उघड विरोध केला तो भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी. झालं, सगळं शहर भारतावर खवळलं. ४ सप्टेंबरला फुटबॉलची फायनल, समोर दक्षिण कोरिया. सोव्हिएत मदतीने नुकतंच उभं राहिलेलं सेनायानचं प्रचंड स्टेडियम आणि सगळी गर्दी आपल्याविरुद्ध! बचावफळीतला जर्नैल सिंग डोक्याला टाके असताना खेळला, तेही फॉरवर्डला. एक गोल त्याचा, एक पी. के. बॅनर्जींचा. २-१ ने सुवर्ण आपलं. भारतीय फुटबॉलचा याहून मोठा दिवस मला तरी माहीत नाही.

त्याच स्पर्धेत आपल्या सांगलीच्या मातीतले दोन मल्ल, गणपतराव आंदळकर आणि मारुती माने, प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन परतले. हे आपल्याकडे शाळेत शिकवायला हवं!

त्या व्हिसा प्रकरणावरून ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केलं, तर राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंनी १९६३ मध्ये 'गॅनेफो' ही वेगळीच स्पर्धा जकार्तात भरवली.

जकार्तात आशियाई खेळ पुन्हा आले ते २०१८ मध्ये. ते खरं तर हनोईचे. व्हिएतनामने खर्चापायी माघार घेतली आणि जकार्ता-पालेंबांगने ते पेलले. पालेंबांगमध्येच कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.