नळीतली बुळबुळ

गेल्या चैत्रात आमच्या यावलच्या मळ्यात ओळींच्या शेवटची केळी भर दुपारी माना टाकू लागली. विहिरीला पाणी होतं, मोटर नीट चालत होती. ठिबकच्या नळीचं शेवटचं बूच काढलं, तर आधी गढूळ पाणी आलं आणि मागोमाग शेंबडासारखा तपकिरी गोळा.

“क्षार धरलाय, ॲसिड सोड,” आप्पा म्हणाले.

गोळा बशीत घेऊन त्यावर ॲसिडचे दोन थेंब टाकले. क्षार असता तर फसफसला असता. हा ढिम्म.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे, तरी ही ओळख पटायला मला बशी लागली. ही बायोफिल्म होती, म्हणजे जिवाणूंची वस्ती. पाण्यातले जिवाणू नळीच्या भिंतीला टेकतात. काही सुटून जातात, काही घट्ट बसतात, वाढतात आणि अंगातून चिकट पदार्थ सोडतात. त्यात शर्करेच्या लांब साखळ्या असतात, प्रथिनं असतात, डीएनएसुद्धा असतो. त्या चिकट्यात पाण्याच्या बारीक वाटा राहतात, त्यांतून आतपर्यंत अन्न पोचतं. गर्दी वाढली की जिवाणू एकमेकांना रासायनिक निरोप धाडतात. तळाशी प्राणवायू कमी, तिथले जिवाणू सुस्तावतात आणि औषधाला दाद देत नाहीत. खतं तर आपणच ठिबकमधून सोडतो, म्हणजे त्यांना जेवणही आपणच वाढतो. थराचे तुकडे सुटून ड्रिपरच्या मिलिमीटरभर वाटेत अडकले की झाड उपाशी.

धुळ्याला मामांच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे. तिथे हीच बुळबुळ तांबूस दिसते, कारण लोहजिवाणू तिच्यात गंजाचे कण साठवतात.

लेवेनहुक या डच माणसाने 1684 साली दातांवरच्या किटणाबद्दल लिहून ठेवलंय, की व्हिनेगरने वरवरचेच जीव मेले, आतले नाहीत. आप्पांच्या ॲसिडचंही तेच झालं असतं.

आम्ही आधी नळ्या धुऊन काढल्या, मग क्लोरीन सोडलं. वाटेतली बुळबुळ क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून ते किती उरलं हे नळीच्या शेवटाला तपासायचं. खत आणि क्लोरीन एका वेळी द्यायचं नाही. ॲसिड आणि क्लोरीन तर कधीच एकत्र ओतू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

ड्रिपर बंद पडायची वाट पाहू नका. दर पंधरवड्याला नळ्यांची बुचं काढा आणि नितळ पाणी येईपर्यंत सोडून द्या.